मोठा कर्णा अण्णांचा, छोटा तात्यांचा

म्हाताऱ्यांच्या हातात मशीन पडलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. भातगिरणीमागच्या तुसासारखे आपोआप साचतात. श्रीवर्धनकडच्या आमच्या गावात टॉकी थेटर निघालं, तिथं मी मशीन चालवायचो. मुंबईचं सायन्स कॉलेज मी अर्ध्यावर सोडलेलं. वडिलांनी बजावलं होतं, "थेटर बुडालं की मुकाट्यानं मामलेदार कचेरीत कारकुनी करायची!" म्हणून ते थेटर बुडू नये, एवढीच माझी धडपड.

थेटर अण्णा आणि तात्या या दोन भावांचं. सुपारीच्या वाड्या, विहीर, झोपाळा, सगळं वाटून झालं आणि थेटर उरलं. विकायचं नाही, आणि एकत्र तर ठेवायचंच नाही. मग या शहाण्यांनी पडद्यामागचे लाउडस्पीकर वाटून घेतले! मोठा कर्णा थोरल्या अण्णांचा, छोटा धाकट्या तात्यांचा.

*

दसऱ्याला दोघांनी आपापल्या कर्ण्याची पूजा केली. अण्णांनी झेंडूची माळ घातली. ठीक. तात्यांनी छोट्याच्या तोंडात तीर्थच ओतलं!

मी ओरडलो, "तात्या, आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पत्रा आहे! तो थरथरतो म्हणून आवाज येतो. तो गेला तर दुसरा नाही आपल्याकडे. विलायतेहून बोटीनं येईपर्यंत थेटरला कुलूप!"

तात्या पळी पुसत म्हणाले, "तीर्थानं कुणाचं वाईट झालंय का रे?"

कर्णा उलटा टांगून वाळवला. पत्रा वाचला. श्रेय अर्थात तीर्थाला.

*

दोन्ही कर्ण्यांच्या आधी एक पेटी होती. आत कॉइल आणि कंडेन्सर. ढोल, गडगडाट, सगळे जाडे आवाज ती मोठ्याकडे धाडायची. बारीक, धारदार आवाज, ज्यांच्यामुळं शब्द स्पष्ट कळतात, ते छोट्याकडे. जाडा आवाज छोट्यात शिरला तर पत्रा फाटलाच. म्हणून तिथं कंडेन्सर, दारावर भय्या बसवावा तसा.

एकदा तात्या खेळ चालू असताना पडद्यामागे आले आणि छोट्याला कान लावून बसले.

"यात नुसती चिवचिव! ढोल कुठाय?"

"ढोल मोठ्याकडे जातो, तात्या."

"का? मी धाकटा म्हणून? जन्मभर हेच चाललंय!"

साठीचा माणूस कंडेन्सरवर रुसला!

*

पुढे एका चित्रपटात बाईंनी अशी तान घेतली की थेटरात टाळ्यांचा कडकडाट. वरचा सूर छोट्या कर्ण्यातून आलेला. तात्या पहिल्या रांगेतून उठले, वळले आणि पब्लिकला हात जोडून नमस्कार करते झाले!

अण्णांना ते सोसवेना. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर छोट्या कर्ण्यावर घोंगडी! मी सोडवायच्या आत खेळ सुरू झाला. हिरो बोलतोय, शब्द कळेना. मागून एक कोळीण ओरडली, "आरं, समद्यांच्या तोंडात सुपारी हाय का काय?"

*

शेवटी भांडण हाजीसाहेबांकडे गेलं. हाजीसाहेब म्हणजे गावातले बडे व्यापारी, कुणाचाही तंटा तोडणारे. त्यांनी पेटी उघडायला लावली. मी सगळं समजावलं. त्यांनी दाढी कुरवाळत एकच सवाल केला, "ही पेटी कुणाच्या वाट्याला आली?"

कुणाच्याच नाही. वाटणीच्या वेळी पेटी कुणाच्या लक्षातच नव्हती.

"मग तिचा इथं काय हक? काढा!"

"हाजीसाहेब, पत्रा फाटेल! थेटर बंद पडेल!"

"बेटा, कॉलेज पुरं केलंस?"

"नाही."

"मग गप."

तिघं मान हलवून हसले. आयुष्यात पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं, आणि तेही कशावर!

*

पेटी निघाली. वायरी सरळ दोन्ही कर्ण्यांना. लढाईचा चित्रपट, हाजीसाहेबही जातीनं हजर. पहिली तोफ उडाली, छोट्यातून फर्रर्र असा आवाज आला आणि संपलं. पत्रा उभा फाटला. मोठा कर्णा एकटाच घुमत राहिला, मडक्यात तोंड घालून बोलावं तसा. एक शब्द कळेल तर शपथ!

तात्या खुर्चीवर उभे. "हाजीसाहेब, अण्णानं माझा आवाज खाल्ला!"

हाजीसाहेबांनी शांतपणे हात वर केला. "इन्साफ म्हणजे इन्साफ. मोठाही बंद करा."

"अहो, पण मग..."

"बंद!"

मी वायर उपटली. थेटरात चिडीचूप. पडद्यावर तोफा उडतायत, घोडे उधळतायत, आवाज नाही. पब्लिक शिव्या घालत बाहेर पडलं. कारकुनी मला चुकत नाही, हे मला तिथंच कळलं. मी मशीन बंद करायला गेलो तर हाजीसाहेबांनी खूण केली, चालू दे.

पहिल्या रांगेत दोघे भाऊ शेजारी शेजारी. पडद्यावर राणी रडत रडत काहीतरी सांगत होती. तात्या पुढे झुकले, डोळे बारीक केले, शेवटी न राहवून त्यांनी अण्णांना कोपरानं ढोसलं, "काय म्हणाली रे ती?"

अण्णा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "माझ्या वाट्याचं मी ऐकतोय. तुझं तू ऐक!"