बिनसाखरेचा चहा कोण पितो?

लांब पल्ल्याचा ट्रक चालवण्यात ज्यांचं उभं आयुष्य गेलं, त्या गृहस्थांना सगळी गल्ली 'पाहुणे' म्हणायची. अगदी तोंडावर. तेही हसून ओ द्यायचे. काय करणार? महिन्यातून दोन-चार दिवस घरी उगवायचे, आतल्या खोलीत घोरत पडायचे, धुतलेले कपडे पिशवीत कोंबायचे की निघाले! चहासुद्धा घरी नाही, पहिल्या टपरीवर. शेवटी कंबरेनं दगा दिला, डॉक्टरांनी स्टेअरिंग सोडायला लावलं आणि पाहुणे एकदाचे कायमचे घरी आले. आता आपलं घर, आपली माणसं, मस्त पाय पसरून राहू, असं म्हणत आले बिचारे.

पहिल्याच सकाळी बायकोनं कप पुढे केला. एक घोट घेतला आणि पाहुण्यांचं तोंड वाकडं झालं.

"अगं, साखर संपली का?"

"संपेल कशाला? तुम्हाला बिनसाखरेचाच लागतो ना!" ती म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

आता बघा, चमचा उभा राहील इतका गोड चहा ढोसून जे घाटामागून घाट उतरले, त्यांना बिनसाखरेचा? पाहुण्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

मग काय, जिकडे बघावं तिकडे पुरावे! खिडकीपाशी एक वेताची खुर्ची होती. पाहुणे कॉटवर बसायला गेले तर लेक म्हणाली, "बाबा, तुमची खुर्ची आहे ना तिकडे." त्या खुर्चीला त्यांची पाठ जन्मात टेकली नव्हती. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती, दुपारी जेवायला घरी यायची. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून पाहुणे गरजले, तर ती शांतपणे म्हणाली, "जेवताना कुणी कुणाला रागवायचं नाही. तुमचाच नियम आहे, बाबा."

"माझा? कधीपासून?"

"मी लहान होते तेव्हापासून. आई सांगायचीच ना, बाबांना चालत नाही म्हणून."

पाहुण्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणजे या घरात कुणीतरी आहे. तो बिनसाखरेचा चहा पितो, खिडकीत बसतो, गोगलगायीसारखा गुमान जेवतो, आणि वर 'बाबा' म्हणवून घेतो! राग तर आलाच, पण रागापेक्षा भीती जास्त वाटली. ट्रक दुसऱ्याच्या हाती गेलेला. हे घरही आपलं नसेल, तर जायचं कुठे या वयात?

संशय गेला थेट खाली दुकान असलेल्या घड्याळवाल्यावर. किडकिडीत, मिठ्ठास बोलणारा माणूस. बायको गजराचं घड्याळ घेऊन गेली की हसत हसत वर येते, हे पाहुण्यांनी गॅलरीतून डोळ्यांत तेल घालून टिपलं. बंद पडलेल्या घड्याळात एवढं हसण्यासारखं काय असतं, सांगा बरं! तेव्हा एके दिवशी त्यांनी त्याला मोठ्या प्रेमानं कोपऱ्यावरच्या टपरीवर नेलं आणि ऐटीत म्हणाले, "याला बिनसाखरेचा द्या!"

"छे छे!" घड्याळवाला दचकला. "माझ्यात तीन चमचे घाला हो. घरी ही घालू देत नाही."

झालं! हातातला चोर सुटला. आता पाहुण्यांना राहवेना. तडक वर आले. बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"खरं सांग. कोण आहे तो?"

बायकोला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू ओसरलं आणि ती म्हणाली, "आहे एक."

पाहुणे कॉटवर बसले.

"पोर शाळेतून यायची आणि विचारायची, बाबांना काय आवडतं? बाबा काय म्हणाले असते? तुम्ही यायचात नि झोपायचात. मला तरी कुठे ठाऊक होतं? मग मी आपलं मनानंच सांगत गेले. घरात साखर नव्हती त्या दिवशी म्हटलं, बाबांना चहा बिनसाखरेचाच आवडतो. ती घाबरायची म्हणून म्हटलं, बाबा कधी रागवत नाहीत. सांगता सांगता झाला की तो तयार!"

"हात्तिच्या!" पाहुण्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मीच की तो!"

"तुम्ही कुठे हो?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तर ते जास्तच लागलं. "तो घरी असायचा. ताप आला तर मी त्याच्याशी बोलत पडायचे, तो ऐकून घ्यायचा. तुम्ही आलात आणि तो गेला. राग मानू नका, पण मला आठवण येते त्याची."

त्याला हाकलून द्यावं असं पाहुण्यांच्या फार मनात आलं. पण हाकलायला समोर कुणी असावं तर लागतं! ते नुसते कंबर चोळत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ताप कधी आला होता तुला? मला कुणी बोललं नाही."

"बोलले होते. फोनवर. तुम्ही म्हणालात, घाटात आहे, नंतर बोलू."

पाहुण्यांना तो फोन आठवेना. एवढे सगळे घाट आठवत होते, वळण न वळण आठवत होतं, आणि तो फोन काही केल्या आठवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

"आता घाट नाही कुठला," ते म्हणाले. "सांग."

"काय सांगू?"

"त्याला जे जे सांगितलंस ते."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं ते संशयानंच. हा माणूस मध्येच घोरायला तर लागणार नाही ना, अशा नजरेनं पाहिलं. मग हातातला सदरा बाजूला ठेवला आणि पोरीच्या जन्मापासून सांगायला सुरुवात केली.