ताई, ओलीचा डाग आणि बारावा नियम

ताई सोसायटीच्या सेक्रेटरी झाल्या, कारण त्या सभेला हजर नव्हत्या. वार्षिक सभेच्या वेळी त्या दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून बसल्या होत्या. इकडे बेचाळीस घरांच्या मंडळींना एक गोष्ट सुचली. जो समोर नाही, तो नाही म्हणू शकत नाही. त्यांनी ताईंचं नाव एकमताने मंजूर करून टाकलं. शेजारीण अभिनंदन करायला आली तेव्हा ताईंचा अर्धा जबडा बधिर होता. त्या नकारच देत होत्या, पण तो कुणाला कळला नाही.

तशी निवड चुकली नव्हती. इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत ताईंनी एकतीस वर्षं तक्रारींचा फोन घेतला होता. हातात पाना कधी धरला नाही, पण गळणारा नळ, तुंबलेलं सिंक, ठिणग्या उडवणारं बटण हे सगळं कानाने ओळखायला त्या शिकल्या होत्या. पलीकडचा माणूस घाबरून ओरडत असला, तरी त्या शांतपणे विचारायच्या, "पाणी गार आहे की कोमट? सारखं येतंय की थांबून थांबून?" अर्धी कामं मेकॅनिक पोचण्याआधीच फोनवर मिटायची. त्यांचे यजमान म्हणायचे, "माझं बोलणं ही एका कानाने ऐकते, नळाचं मात्र दोन्ही कानांनी."

आधीचे सेक्रेटरी होते पहिल्या मजल्यावरचे मोजणीदार. जमिनीची मोजणी करण्यात उभा जन्म गेलेला, ताठ कण्याचा माणूस. सोसायटीची नियमावली त्यांनीच लिहिली होती. चौसष्ट नियम, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'सक्त मनाई आहे'. प्लास्टिकचं कव्हर घातलेली ती पुस्तिका ताईंच्या हातात देताना ते म्हणाले, "एकही नियम सैल सोडू नका. लोक बोट दिलं की हात धरतात."

ताईंनी दुसऱ्या दुपारी चष्मा लावून सगळे नियम वाचले. एकही चुकीचा नव्हता. फक्त का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाथरूमची फरशी परवानगीशिवाय उखडू नये. ठीक, पण का? ताईंनी एक कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'फरशीखाली पाणी अडवणारा एक थर असतो. तो फुटला, की तुमच्या आंघोळीचं पाणी खालच्यांच्या डोक्यावर.' कागद जिन्याजवळच्या फलकावर लागला.

मग दर सोमवारी नवा कागद. 'गॅलरीतलं पाणी जायचं भोक महिन्यातून एकदा साफ करा. तिथे पालापाचोळा नसतो, तुमच्या घरातले केस असतात.' 'गावाला जाताना मेन व्हॉल्व्ह बंद करून जा. तो कुठे आहे हे ठाऊक नसेल तर विचारायला लाजू नका. कमिटीतल्या तिघांना ठाऊक नव्हतं, त्यात एक मी.'

लोक थांबून वाचायला लागले. हसायला लागले. आणि गंमत म्हणजे, सांगितलेलं करायलाही लागले. रविवारी सकाळी कुठल्या ना कुठल्या घरात सिंकखाली कुणीतरी टॉर्च घेऊन आडवं पडलेलं असायचं.

मोजणीदारांना हे पटलं नाही. जिन्यात गाठून ते म्हणाले, "ताई, नियमाला कारण जोडलं की माणूस कारणाशी वाद घालत बसतो."

"घालू दे की," ताई म्हणाल्या. "वाद घालायला आधी वाचावं तरी लागतं."

त्यानंतर पंधरा दिवस मोजणीदार फलकासमोरून मान वळवून जात राहिले.

आणि मग त्यांच्याच घरात ओल आली. दिवाणखान्याच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, एक पिवळट डाग उमटला. मोजणीदारांनी स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढली आणि तारीख घातली. दुसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर. पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. त्यांच्या मनात शंका नव्हती. वरच्या मजल्यावर टेलर राहायचा, आणि त्याने बाथरूममध्ये काहीतरी उद्योग केला असणार. त्यांनी टेलरच्या दारावर नोटीस लावली: नियम एकतीसचा भंग, परवानगीशिवाय बाथरूमची फरशी उखडणे.

टेलर आणि त्याची बायको तेव्हा घरी नव्हती. परत आल्यावर हातातल्या पिशव्याही न ठेवता दोघं थेट ताईंकडे आली.

"ताई, आम्ही आठ दिवस सासुरवाडीला होतो," टेलर म्हणाला. "तुमचा कागद वाचून मेन व्हॉल्व्हसुद्धा बंद करून गेलो होतो."

त्याची बायको रागाने लाल झाली होती. "आमच्या कुलूपबंद घरात कोण आंघोळ करून गेलं, ते खालच्या काकांना विचारा."

ताई दोघांना घेऊन पहिल्या मजल्यावर गेल्या. मोजणीदारांनी दार उघडलं, टेलरला पाहिलं आणि म्हणाले, "पुरावा भिंतीवर आहे. बघून घ्या."

पुरावा खरंच देखणा होता. डागाभोवती एकाबाहेर एक रेघा, प्रत्येकीवर तारीख, जणू भिंतीवर एखाद्या टेकडीचा नकाशा. ताई बराच वेळ तो बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि कामावर असताना काढायच्या तोच मऊ आवाज काढला.

"साहेब, टेलर पाच तारखेला गेला, तेराला आला. सहा, सात, आठ, नऊ या तारखांना डाग वाढलाय. म्हणजे वरचं पाणी बंद असताना."

"बंद घरातही गळती होऊ शकते."

"होऊ शकते. पण नऊ आणि तेराच्या रेघा जवळजवळ एकावर एक आहेत. मधल्या दिवसांत वाढलाच नाही. तेव्हा काय झालं होतं?"

उत्तर मोजणीदारांच्या बायकोने दिलं. सगळे त्यांना वहिनी म्हणत. "तेव्हा आम्ही लेकीकडे गेलो होतो. चार दिवस घर बंद होतं."

"आणि एसी?"

"रिकाम्या घरात एसी कोण चालवेल?" मोजणीदार म्हणाले. बोलून झालं आणि ते थांबले. त्यांची नजर भिंतीवरच्या एसीकडे गेली, तिथून डागाकडे, आणि डागाच्या मधोमध टांगलेल्या मोठ्या फोटोकडे. त्यांच्या निरोप समारंभाचा तो फोटो, गळ्यात हार, शेजारी सगळं ऑफिस.

"हा फोटो कधी लावला, वहिनी?"

"दोन तारखेला. तीन वर्षं कपाटात पडून होता. मीच मागे लागले, म्हटलं लावा एकदाचा."

टेलर स्टुलावर चढला आणि त्याने फोटो अलगद उतरवला. मागे चार बोटं लांबीचा जाडजूड खिळा होता आणि त्याच्याभोवतीचं प्लास्टर चिखलासारखं मऊ झालं होतं. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी भिंतीतून बरोबर तिथूनच जात होती. खिळा तिच्या आरपार गेला होता.

ताईंनी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी मोजणीदारांनीच घसा साफ केला आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलं, "नियम क्रमांक बारा. समितीच्या लेखी परवानगीशिवाय भिंतीत खिळा ठोकण्यास सक्त मनाई आहे."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग टेलरच्या बायकोला हसू फुटलं, आणि मग स्टुलावर फोटो धरून उभा असलेला टेलर इतका हसायला लागला की त्याला आधी खाली उतरवावं लागलं. मोजणीदार एक क्षण ताठ राहिले. मग त्यांनाही आवरलं नाही. तीस वर्षांत ते असं हसले नव्हते, हे नंतर वहिनींनी ताईंना सांगितलं.

ताईंनी ही गोष्ट बाहेर कुणाला सांगितली नाही. तशी गरजच पडली नाही. पुढच्या महिन्याच्या सभेत मोजणीदार स्वतःहून उभे राहिले. त्यांनी नोटिशीबद्दल टेलरची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि म्हणाले, "नियम मी लिहिला होता, पाठही होता. पण भिंतीच्या आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं, तर खिळा वीतभर बाजूला ठोकला असता."

"म्हणजे परवानगी न घेताच," मागून कुणीतरी म्हणालं.

"न घेताच," मोजणीदारांनी कबूल केलं आणि सभा हसण्यात बुडाली.

त्यातूनच एका नव्या कामाला सुरुवात झाली. ताई म्हणाल्या, आपण प्रत्येक घराचा नकाशा करू. मोजणीदारांनी कपाटातून जुनी फूटपट्टी आणि टोकदार पेन्सिली काढल्या. दोघं बेचाळीस घरं फिरली. ताई वर्षानुवर्षं राहणाऱ्यांकडून माहिती काढायच्या: कुठे फोडलं होतं, कुठली भिंत गार लागते, कुठल्या नळाला आधी पाणी येतं. मोजणीदार मोजायचे आणि काढायचे. पाण्याची नळी निळी, विजेची तार लाल. काही घरांत दोघांना बसवून घेतलं जायचं आणि गप्पांत दुपार सरायची. मोजणीदारांना त्या सोसायटीत अठरा वर्षं झाली होती, पण त्यातल्या तीसेक घरांत ते पहिल्यांदाच पाय ठेवत होते.

नवी पुस्तिका तयार झाली तेव्हा तिच्यात नियम एकवीसच उरले होते. प्रत्येकाखाली ताईंच्या शब्दांत कारण, आणि शेवटच्या पानावर त्या त्या घराचा नकाशा. 'सक्त मनाई' एकाच जागी शिल्लक होती, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत उतरण्याला. तिथे मोजणीदार अडून बसले आणि ताईंनाही ते पटलं.

मोजणीदारांची भिंत पुरती सुकायला दीड महिना लागला. नळीचा तुकडा बदलून झाला होता, प्लास्टर नवं झालं होतं, रंग तेवढा बाकी होता. रविवारी सकाळी टेलर जुना शर्ट घालून ब्रश घेऊन खाली आला. रंग कुठला, यावर वहिनी आणि टेलरच्या बायकोत तासभर चर्चा चालली. एकीला लिंबाचा पिवळा हवा होता, दुसरीला फिकट हिरवा. मोजणीदार म्हणाले, दोन्ही लावून बघू, अर्धी अर्धी भिंत. ताई दारात पोचल्या तेव्हा दोघं पुरुष पेन्सिलीने भिंतीची मधली रेघ आखत होते, आणि ती सरळ आली की नाही यावरून त्यांचा जोरजोरात वाद चालला होता.