कुंकू लावलेला फळा

मी अजून शिक्षिका झालेले नाही, बी.एड.ला आहे. सराव पाठासाठी गेले त्या शाळेत मोठा डिजिटल फळा होता. काचेवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू होतं. बोटाचा ठसा एकही नव्हता.

"मुलं खराब करतील," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग घेतला कुणासाठी, सर?"

आपल्याकडे शिकायच्या वस्तूचा आधी देव करतात, मग त्या देवाला कुलूप लावतात.

सरांनी नाइलाजानं फळा वापरायची परवानगी दिली. पण मलाच तो धड चालवता येईना. तसं कबूल केल्यावर सातवीतली एक मुलगी उठली. "सरका मॅडम, मी बघते." तिच्यामागून अख्खा वर्ग आला.

तास संपला तेव्हा कुंकू पुसलं गेलं होतं आणि काचभर बोटं उमटली होती. सर फडकं घेऊन आले, बघत राहिले आणि फडक्याची घडी घालून परत गेले.