बिल्ल्याच्या जागी सुपारी
परवा मुलाच्या मुंजीत, बायको राहिली नाही म्हणून तिच्या जागी, गुरुजींनी माझ्या कमरेला सुपारी खोचायला लावली आणि मला धारची ती सुपारी आठवली. तेव्हा मी तिथे संस्थानच्या फौजेच्या कचेरीत कारकून होतो. एका म्हाताऱ्या शिपायाला लढाईत मिळालेला चांदीचा बिल्ला दप्तरात चढलाच नव्हता, म्हणून दसऱ्याच्या दरबारात बिल्लेवाल्यांच्या रांगेत त्यांना कोणी उभे राहू देईना. “दप्तरात नाही, म्हणजे मी लढाईला गेलोच नव्हतो का, भिया?” माळव्याच्या बोलीत मला भाऊ म्हणत ते कळवळले. मी बिल्ला आणायला सांगितला. त्याच्या कडेवर कोरलेले नाव पाहिले की नोंद दुरुस्त करता आली असती. ते घुटमळले. नवरा जिवंत परतला म्हणून त्यांच्या बायकोने बिल्ला देव्हाऱ्यात मांडला होता आणि ती तो हलवू देत नव्हती. मग मीच त्यांच्या घरी गेलो. “कचेरीतून तसेच आलात, आधी आंघोळ करा,” बाईंनी बजावले. विहिरीवर न्हाऊन ओलेत्याने देव्हाऱ्यापुढे बसलो. रोज घासून बिल्ल्यावरचा इंग्रजांच्या राणीचा चेहरा पार गुळगुळीत झाला होता, पण कडेच्या अक्षरांत इतक्या वर्षांचे कुंकू भरले होते. नाव लालभडक, स्पष्ट वाचता आले. नोंद झाली. दसऱ्याला मी त्यांना न्यायला गेलो, तेव्हा बाईंनी बिल्ला त्यांच्या छातीवर लावला, देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागी सुपारी ठेवली आणि नवऱ्याकडे नि बिल्ल्याकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या, “दिवेलागणीपर्यंत दोघंही घरी या हो.” परवा मंत्र चालू असताना मी कमरेची सुपारी चाचपली आणि पुटपुटलो, “दिवेलागणीपर्यंत ये गं.”