कडू तीर्थ

सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा कलकत्त्यात, बालीगंजला राहत होतो. दात काढल्यापासून पत्नीचा ताप हटत नव्हता आणि इस्पितळातले डॉक्टर रोज म्हणत, "हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग असेल. नसेलही." तीनदा रक्त तपासलं, तिन्ही वेळा प्रयोगशाळेत त्यातून जंतू वाढले नाहीत. झडप खराब होत असेल तर वेळ जात होता, आणि नक्की काय ते कुणी सांगेना. शेवटी मी दत्तापुढे हात जोडले, तेही भक्तीने नव्हे, वैतागून. म्हटलं, "आहे की नाही, एवढंच सांगा."

दिवसातून चार वेळा ताप मोजून मी तक्ता ठेवत असे. एक गोष्ट मात्र त्यात नव्हती. घरच्या डॉक्टरांनी दिलेल्या जंतुनाशक गोळ्या पोट ढवळतं म्हणून तिने मधेच सोडल्या होत्या. अर्धवट सोडलेलं मला चालत नाही. इस्पितळ तर काहीच देत नव्हतं. म्हणून मी गोळ्यांची पूड करून रोज दत्ताच्या तीर्थातून तिला देत होतो, संपल्या तशा आणखी आणल्या. तिला सांगितलं होतं, कडुनिंब घातलाय. डॉक्टरांनी घरच्या औषधाचं विचारलं तेव्हा ती प्रामाणिकपणे नाही म्हणाली. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

एका गुरुवारी इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या बंगाली आजींनी ओंजळ पुढे केली. "दादा, ठाकुर का चरणामृत थोड़ा हमको भी दीजिए."

मी घुटमळलो. पण मागणाऱ्याला तीर्थ नाही कसं म्हणणार? दोन थेंब दिले.

"उः, की तेतो! कितना कड़वा! आपका ठाकुर दवाखाना चलाता है क्या?"

"तरी मी म्हणतेय," पत्नी म्हणाली, "ह्यांचा कडुनिंब गोळीसारखा कसा लागतो!"

फेरीवर आलेले डॉक्टर वळले. काय आहे त्यात, त्यांनी विचारलं. हातात तीर्थाची पळी असताना मला खोटं बोलवेना, गोळ्यांचं सांगून टाकलं.

"एवढा तक्ता लिहिता आणि हेच नाही लिहिलंत?" ते ओरडलेच. "ह्या गोळ्यांनीच जंतू दबलेत, म्हणून तपासणीत वाढत नाहीत!"

गोळ्या बंद झाल्या. काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं, आणि या वेळी जंतू वाढले. "आहे," डॉक्टर म्हणाले. सहा आठवडे पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली आणि ती स्वतःच्या पायांनी घरी आली.

ती ओंजळ कुणी पुढे करवली, यावर मी वाद घालत नाही. मी उत्तर मागत होतो आणि त्याच्या वाटेत मीच उभा होतो. देवाने मला फक्त बाजूला केलं. आता रोज नमस्कार करतो, आणि वाट अडवून उभा राहत नाही.