चिंतामणरावांची पोथी

आपलंच वाक्य वाचून झालं की चिंतामणराव डोळे मिटायचे आणि "वाः!" म्हणायचे. ऐकणाऱ्याला ती तसदी घ्यावीच लागत नसे. वसमतच्या शाळेत आम्ही दोघे मराठी शिकवायचो. निजामाच्या मुलखात मराठी पुस्तक दिसायची मारामार, त्यात आपल्यातलाच एक जण रहस्यकथा लिहितोय याचं मला आधी अप्रूपच वाटलं होतं. ते पहिल्या प्रकरणापुरतं टिकलं.

कादंबरीचं नाव 'काळ्या भुयारातील भगिनी'. दोन बहिणी एका बुवाच्या पंथात सापडतात. बुवाच्या मठाखाली भुयार, भुयारात मशाली, मशालींच्या उजेडात नरबळीची तयारी. एका खुनाचा शोध घ्यायला मुंबईहून गुप्तहेर येतो, तोही मोटारीतून आणि तोही भर पावसाळ्यात! आमच्या काळ्या रानात तेव्हा बैलगाडी आसापर्यंत रुतते. बहिणी शेतकऱ्याच्या, पण बोलतात "हा दैवा, हा कसला घात!" थोरली अकरा वेळा बेशुद्ध पडते, मी मोजलंय. आणि खुनी कोण ते तिसऱ्या प्रकरणातच कळतं, कारण पानोपानी मिशा पिळणारा तेवढा एकच माणूस आहे. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही व्याकरण शिकवा. रहस्य ही निराळी साधना आहे."

माझ्या रागाचं कारण मात्र वेगळं होतं. मूळ गोष्ट त्यांना मीच सांगितली होती. कुरुंदा माझं गाव. तिथल्या कोंडिबाची थोरली पोर गिरजा एका बुवाच्या नादी लागून दोन वर्षं त्याच्या मठात जाऊन राहिली. भुयार नव्हतं की मशाली नव्हत्या. चाळीस माणसांचं दळण दळून तिचे हात सोलून निघाले. घरचं नाव काढलं की पुण्य जातं, असं बुवा सांगायचा. धाकटी काशी एकटी चालत गेली, मठाच्या दारात तीन दिवस उपाशी बसली आणि बहिणीला घेऊन आली. गावाने बाहेर चकार शब्द काढला नाही. गिरजा मामाकडे होती, एवढंच सांगायचं ठरलं. एका मधल्या सुट्टीत मी मूर्खासारखा हे सगळं बोलून गेलो.

दारात उपाशी बसणारी पोरगी चिंतामणरावांना पुरेना. "वाचकाला धक्का हवा!" म्हणून त्यांनी काशीलाच फितूर केलं. सोन्याच्या लोभाने तीच बहिणीला बुवाच्या हवाली करते. गावाचं नाव कुरुंदाच ठेवलं, काशीचं काशीच, म्हणे वास्तवतेसाठी. थोरलीची तेवढी मंजिरी केली, कारण गिरजा हे नाव त्यांना पुरेसं करुण वाटेना. आणि पुस्तक छापून आल्यावर एक प्रत मोठ्या दिमाखात कुरुंद्याच्या मारुतीला भेट धाडली.

आमच्या गावात छापील पुस्तक म्हणजे पोथी. दुसरंही काही छापतात हे कोणाला ठाऊक? श्रावण चालू होता. लोकांनी पुस्तक पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि रोज दुपारी एक अध्याय लावला. गुप्तहेर मोटारीतून उतरला तेव्हा बायकांनी हात जोडले म्हणे. चौथ्या दिवशी काशी फितूर झाली. पाचव्या दिवशी कोंडिबा वसमतला माझ्या दारात उभा.

"बापू, पोथीत माह्या काशीचं नाव आलंय. औंढ्याला तिची सोयरीक जमली होती, ते सोयरे म्हणून राहिले, असली पोरगी आमाला नको."

"काका, ती पोथी नाही. मनाने रचलेलं आहे ते."

"छापलंय ना? मग खोटं काहून छापतील, असं म्हणतेत. खरं सांगावं तर गिरजाचं मठातलं राहणं उघडं पडतंय."

समाप्तीच्या प्रसादाला सोयरे येणार होते. तिथे उभं राहून चिंतामणरावांनी एवढंच म्हणायचं होतं की हे खोटं आहे. मी त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. गाडी वाटेत दोनदा रुतली, पण आपल्या गुप्तहेराची मोटार काही त्यांना आठवली नाही. "कलावंताने खुलासा करायचा नसतो," हेच घोळवत होते. शेवटी एकदाचे कबूल झाले.

देवळात पुस्तकावर फुलं वाहिलेली आणि समोर सारं गाव बसलेलं. पुण्यामुंबईच्या एकाही वाचकाने त्यांना दोन ओळींचं पत्र पाठवलं नव्हतं. इथे त्यांचा ऊर भरून आला. पाटलांनी विचारलं, "मास्तर, हे खरं हाय का?"

चिंतामणराव घसा खाकरून म्हणाले, "मी कोण लिहिणारा? माझ्याकडून ते लिहून घेतलं गेलं."

बायांनी त्यांच्या पायांवर डोकी ठेवली. त्यांनी ठेवू दिली. इतका हलका माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

सोयऱ्यांचा म्हातारा पागोटं सावरत उठला. तेवढ्यात बायकांतून गिरजा उभी राहिली.

"मास्तर, तुमी मठ पाह्यला काय?"

"कल्पनेने, बाई."

"मी पाह्यला. दोन साल होते मी तिथं. मामाकडं न्हाई, मठात." कोंडिबाने मान खाली घातली. कोणीतरी तिला बस म्हणालं, ती बसली नाही. "भुयार न्हाई तिथं, जातं हाय. हे माहे हात पाहा. काशी मला द्यायला न्हाई, आणायला आली होती. तीन रोज दारात बसली, पाण्याचा घोट घेतला न्हाई. लई तकलीफ दिली तिला, तरी हालली न्हाई. बोल लावायचा तर मला लावा."

म्हातारा तिच्या हातांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग खाली बसला आणि म्हणाला, "प्रसाद वाढा."

काशीचं लग्न त्याच मार्गशीर्षात झालं. मठात राहून आलेल्या गिरजाला मात्र पुढे कोणी मागणी घातली नाही. उभी राहिली तेव्हाच तिला ते ठाऊक होतं. तिच्यावर ती वेळ आणणाऱ्या दोन मास्तरांत एक मी होतो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पुढे रझाकारांच्या भीतीने बरीच कुटुंबं वऱ्हाडात गेली. चिंतामणरावही निघाले. बिऱ्हाड भरून झालं, गाडीत बसल्यावर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. गिरजाची चौकशी करतील, असं वाटून मी गेलो.

"ती पोरगी देवळात हातांचं काय बोलली होती हो? तेवढं लिहून पाठवा. दुसऱ्या आवृत्तीत मंजिरीच्या तोंडी घालतो."

मी गाडीवानाला म्हटलं, "हाक."