सोमवारचा रिपोर्ट

आमच्या लॅबमध्ये रक्त काढायला ती असली की लहान मुलंही रडत नाहीत. हात इतका हलका की सुई कधी गेली नि कधी निघाली, कळत नाही. टोचण्याआधी ती एकदा डोळे मिटते. "काय पुटपुटतेस? शीर सापडू दे म्हणून?" मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "तुझ्यासारखी माणसं सुधारू देत म्हणून," ती म्हणाली. तेव्हापासून सतरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खात देवावरून भांडत आलो.

तिनं लग्न केलं नाही. आईचं अंथरुणातलं दुखणं अकरा वर्षं काढलं आणि त्यातच ध्यानाला लागली. मी म्हणायचे, "केलंस तू. देव कुठे होता?" ती म्हणायची, "करायचं बळ कुठून आलं, ते सांग की." "जेवणातून." ती हसायची. मनापासून हसायची, त्यामुळे भांडण पुढं सरकायचंच नाही. माझ्या घरी ती मावशी होती आणि माझ्या लेकीला आईपेक्षा मावशीचं खरं वाटायचं.

लेकीला दमा आहे. गेल्या वर्षी मावशीनं तिला सांगितलं, "पंपाची सवय बरी नाही गं. चार मोजत आत, आठ मोजत बाहेर. श्वास तुझाच आहे." पोरीनं रोजचा पंप बंद केला, मला पत्ता नाही. एका दुपारी कॉलेजच्या जिन्यात निळी पडली. तीन दिवस ऑक्सिजनवर होती. मावशी आली, उशाशी बसली, म्हणाली, "सांभाळणारा आहे तिला." चुकलं, असं म्हणाली नाही. घरी आल्यावरही पोरगी पंप चुकवायची. "मावशी म्हणते," असं तिनं सुरू केलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या महिन्यात मावशीच्या छातीत गाठ लागली. गाठीचा तपासणीसाठी काढलेला तुकडा आमच्याकडेच आला. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचा मीच तयार केल्या. आमचे डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारीच येतात. साफ निघालेला रिपोर्ट त्याच संध्याकाळी हातात पडतो. शंका असेल तो पुन्हा बघायला गुरुवारपर्यंत कपाटात राहतो. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. ती बाहेरची नव्हती.

सोमवारी डॉक्टरांनी तिच्या साफ रिपोर्टवर सही केली. मी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"माझा?" संध्याकाळी तिनं विचारलं.

"गुरुवारी."

मंगळवारी तिनं डबा उघडलाच नाही. मी माझा पुसून खाल्ला. "चार मोजत आत घे," मी म्हणाले, "आठ मोजत बाहेर." बुधवारी तिनं एका म्हाताऱ्याला तीनदा टोचलं. दुपारी माझ्या खोलीत येऊन दार लोटून घेतलं.

"काचा तू केल्यास. डॉक्टर काय म्हणाले, सांग."

"मला कशाला विचारतेस? सांभाळणारा आहे ना?"

"आहे. पण भीती वाटतेय गं."

"पोरीलाही वाटली असेल. जिन्यात."

"चुकलं माझं."

"मला नको सांगूस. तिला सांग."

तिनं तिथूनच फोन लावला. "बाळा, पंप रोज घ्यायचा. मी सांगितलं ते चूक होतं. नाही गं, ध्यान सोडू नकोस, पण आधी पंप."

मग मी कपाट उघडलं. निकालाआधी तिनं तारीख वाचली.

"सोमवारीच तयार होता हा."

"हो."

"देवाला मानू नकोस. मनाची तरी लाज बाळग."

"माझे तीन दिवस होते, बाई. तुझे दोनच झाले."

डबा आता मी एकटी खाते. लेक सकाळ-संध्याकाळ पंप घेते. आत्ता ती पलीकडे झोपली आहे; दर अर्ध्या तासानं उठून मी तिच्या छातीतली घरघर ऐकून येते. परत येऊन बसले की दर वेळी हेच वाटतं, गुरुवारपर्यंत थांबायला हवं होतं.